नगरचा मोहरम आणि बदलते रिवाज

मोहरमच्या नवव्या रात्रीं नगर शहरांत कोठल्याकडे जाणाऱ्या रस्त्यानें आपण चालूं लागलों, तर भोंवतालच्या गर्दींत हिंदु कोण आणि मुसलमान कोण हें सांगणें अवघड जातें. कोणी ऊद घेऊन आलेला असतो, कोणी फुलांची चादर, तर एखादी बाई नवसानें झालेलें मूल कडेवर घेऊन वाट मिळण्याची प्रतीक्षा करीत असते. या रात्रीला लोक कत्तलची रात म्हणतात. ज्या शहराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, त्याला बोलतांना अद्याप पुष्कळ जण नगरच म्हणतात. मीहि आज तेंच नांव घेणार आहें. कारण जी गोष्ट सांगावयाची ती या शहराच्या पायाइतकीच जुनी आहे.

आपल्याकडे असा एक समज रूढ आहे कीं, मुसलमान समाजाचे धार्मिक आचार एकदां ठरले ते ठरले; त्यांत बदल होत नाहीं आणि होऊंहि शकत नाहीं. हा समज बाहेरच्यांत जितका आहे, तितकाच त्या समाजांतील कांहीं मंडळींतहि आहे. नगरच्या मोहरमचा इतिहास पाहिला म्हणजे तो किती उणा आहे हें कळून येतें. रिवाज बदलतात, आणि सदैव बदलत आले आहेत. खरा प्रश्न निराळाच आहे. रिवाज बदलतांना त्यांतील मूळ कोणतें आणि पात्र कोणतें, हें कोणी व कसें ठरवावयाचें? आजच्या भाषणांत या प्रश्नाचा विचार आपण करूं.

प्रथम मोहरम म्हणजे काय हें थोडक्यांत पाहूं. हिजरी सन ६१ च्या मोहरम महिन्याच्या दहाव्या दिवशीं, म्हणजे इ. स. ६८० च्या ऑक्टोबरांत, इराकांतील करबला येथें पैगंबरांचे नातू इमाम हुसेन हे आपल्या मूठभर सोबत्यांसह मारले गेले. यजीदाची सत्ता मान्य करण्यास त्यांनीं नकार दिला होता, आणि शेवटीं पाणीहि तोडण्यांत आलें होतें. शिया पंथीयांना हे दिवस शोकाचे आहेत. सुन्नी पंथांत दहाव्या दिवसाचा उपास पुण्यकारक मानतात. परंतु हुसेनांविषयींचा आदर दोन्ही पंथांत सारखाच आहे. मोहरमांत ठिकठिकाणीं पाण्याच्या व सरबताच्या पाणपोया लागतात, त्या करबलेच्या तहानेची आठवण म्हणून.

हा शोक नगरांत आला तो राजवाड्यांतून. निजामशाहीची स्थापना १४९० सालीं मलिक अहमदानें केली व त्यानंतर थोड्याच वर्षांत हें शहर वसविलें. त्याचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याच्या कारकीर्दींत इराणांतून शहा ताहिर नांवाचा एक विद्वान येथें आला. इतिहासकार फरिश्ता, ज्याचें बालपण नगरांत गेलें, तो अशी कथा सांगतो कीं, राजाचा लाडका मुलगा अब्दुल कादिर आसन्नमरण झाला असतां शहा ताहिरनें राजास बारा इमामांचा नवस करावयास लाविलें. मुलगा बरा झाला, आणि सुमारें १५३७ सालीं राजानें शिया पंथ स्वीकारला. खुतब्यांत बारा इमामांचीं नांवें आलीं. कोठल्याची वास्तु याच काळांतील. शहा ताहिरच्या विद्येचें केंद्र म्हणून ती उभी राहिली, व बारा इमाम कोठला हें नांव तिला मिळालें. हा बदल सुखासुखीं झाला असें मात्र समजूं नये. विरोध करणारा मोठा जमाव त्या वेळीं किल्ल्याच्या दाराशीं लोटला होता, असें फरिश्त्याच्याच वृत्तांतावरून दिसतें.

त्यानंतर पन्नास-बावन्न वर्षांनीं इस्माईल निजामशहाच्या नांवानें कारभार करणाऱ्या जमालखानानें महदवी पंथास राजधर्म केलें. आणि १५९१ सालीं दुसऱ्या बुऱ्हाणानें गादी मिळवितांच शिया पंथ पुन्हां आणिला. १६०० सालीं किल्ला मोगलांच्या हातीं गेला व १६३६ सालीं निजामशाहीच नष्ट झाली. पुढें १७५९ सालीं पेशवे आले, नंतर शिंदे आले, आणि १८०३ सालीं इंग्रज आले. ज्या राजसत्तेनें मोहरमचा पाट येथें आणून सोडला, ती जाऊन जवळ जवळ चारशें वर्षें होत आलीं. नगरचे बहुतेक मुसलमान सुन्नी आहेत. मग मोहरम उरला कसा?

याचें उत्तर असें कीं, राजाचा रिवाज या मधल्या काळांत गांवचा रिवाज झाला. शोकाचा विधि जत्रेच्या अंगानें वाढला. कोठल्यांत बडे इमाम, म्हणजे इमाम हसन, आणि मंगलगेट हवेलींत छोटे इमाम, म्हणजे इमाम हुसेन, अशा दोन सवाऱ्या नगरांत बसतात. लोक नवस बोलतात व फेडतात. सवारीपुढें ढोल वाजविणारे, टेंभे धरणारे, फुलें पुरविणारे आणि कागदाचे ताबूत घडविणारे हात सर्व जातींचे असतात. दहाव्या दिवशीं मिरवणूक दिल्ली दरवाजाबाहेर पडून विसर्जनासाठीं सावेडीकडे जाते. विसर्जन हा शब्दच पाहा. इराणच्या शोकविधींत तो सांपडावयाचा नाहीं. तो आपल्या मातींतला आहे. ज्या शहरांतील शहा शरीफ या अवलियाच्या नांवावरून मालोजीराजे भोसल्यांनीं आपल्या मुलांचीं नांवें शहाजी व शरीफजी ठेविलीं अशी परंपरा आहे, आणि ज्या जिल्ह्यांतील श्रीगोंद्यास शेख महंमदांनीं योगसंग्रामासारखा मराठी ग्रंथ रचिला, तेथें असें होणें स्वाभाविकच होतें.

येथवर आपण रिवाज वाढतांना पाहिला. आतां तो आकसूं लागला त्या काळाकडे वळूं. दोन बाजूंनीं त्याला ओढ लागली.

पहिली ओढ बाहेरून लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पुण्यासारख्या शहरांत ताबुतांपुढें नाचणाऱ्या व गाणाऱ्या टोळ्यांत हिंदूंचा भरणा मोठा असे. १८९३ च्या ऑगस्टांत मुंबईस दंगा झाला, मनें दुरावलीं, आणि पुढील वर्षीं पुण्याच्या हिंदूंनीं मोहरमांत भाग घेण्याचें पुष्कळ अंशीं सोडून दिलें. त्याच सुमारास लोकमान्य टिळक प्रभृतींच्या खटपटीनें गणेशोत्सवास सार्वजनिक रूप आलें. त्यांतील मेळ्यांची धाटणी मोहरमच्या टोळ्यांशीं किती जुळती होती, हें अभ्यासकांनीं दाखवून दिलें आहे. एकाच लोककलेचे दोन प्रवाह झाले. नगरांत मात्र सवारीभोंवतालची जुनी सरमिसळ बरीचशी टिकून राहिली, ही या शहराची विशेष गोष्ट होय.

दुसरी ओढ आंतून लागली, आणि तिच्याकडे बाहेरच्यांचें लक्ष सहसा जात नाहीं. १८६६ सालीं स्थापन झालेल्या देवबंदच्या विद्यालयानें आणि पुढें तबलीगसारख्या चळवळींनीं असें सांगण्यास प्रारंभ केला कीं, ताबूत, नवस, ढोल हे धर्माचे भाग नव्हेत; ते रिवाज आहेत आणि ते सोडावेत. या मंडळींचे दर्ग्यांच्या परंपरेस मानणाऱ्या बरेलीच्या विद्वानांशीं इतर बाबतींत तीव्र मतभेद होते. पण ताबुताच्या रूढ प्रकारास नापसंती दर्शविण्यांत दोघांचेंहि बरेंच एकमत झालें. याचा परिणाम आज घरोघर दिसतो. आजोबा सवारीस खांदा देत असत, आणि नातू त्या दिवशीं उपास धरून मशिदींत प्रवचन ऐकतो. नातवास वाटतें कीं, आपण मूळ धर्माकडे परतलों. आजोबांना वाटतें कीं, घरांतून कांहीं तरी निघून गेलें. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. आजोबांनीं जपलें होतें तें शेजाऱ्याशीं असलेलें नातें, आणि नातू जपतो आहे ती उपासनेची शुचिता. यांपैकीं एकास सर्वस्वीं चूक ठरविण्याची घाई आपण करूं नये.

मूळ आणि पात्र यांची गल्लत कशी होते, याचें एक उदाहरण याच माध्यमाच्या भावंडांतून देतों. ध्वनिक्षेपक जेव्हां नवा होता, तेव्हां नमाजांत त्याचा उपयोग करावा कीं नाहीं याविषयीं हिंदुस्थानांतील उलेमांत मोठा वाद झाला. यंत्रांतून येणारा आवाज इमामाचा स्वतःचा कीं त्याचा केवळ पडसाद, आणि पडसादामागें केलेली नमाज ग्राह्य कीं अग्राह्य, असा तो सूक्ष्म प्रश्न होता. देवबंदच्या परंपरेंतील नामवंत विद्वानांनीं प्रथम त्यास हरकत घेतली होती. मागाहून ती सैल झाली. चंद्रदर्शनाची वार्ता नभोवाणीवरून आली तर ती साक्ष मानावी कीं नाहीं, असाहि वाद झाला. साक्षीदार समोर उभा पाहिजे हा जुना नियम. आवाजाचा धनी तर दिसत नाहीं! अखेर असा मार्ग निघाला कीं, साक्षी तपासण्याचें काम चंद्रदर्शन समितीनें करावें आणि नभोवाणीनें फक्त तिचा निर्णय जाहीर करावा.

आतां पुढील गंमत पाहा. ज्या यंत्रास मशिदींत येण्यासाठीं इतकी परवानगी मागावी लागली, तें कांहीं पिढ्यांत असें रुळलें कीं, अजान म्हणजे कर्णाच, असें लोकांस वाटूं लागलें. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत सार्वजनिक जागीं ध्वनिक्षेपकास बंदी केली, आणि पहांटेची अजान बहुधा याच वेळेंत येते. २०२५ च्या जानेवारींत मुंबई उच्च न्यायालयानें सांगितलें कीं, ध्वनिक्षेपक हा कोणत्याहि धर्माचा आवश्यक भाग नाहीं. जुन्या उलेमांनीं तें ऐकलें असतें तर मान डोलाविली असती! अजान तेरा-चौदा शतकांची आहे, आणि कर्णा शंभर वर्षांचाहि नाहीं. मुंबईंतील कांहीं मशिदींनीं आतां खिशांतील दूरध्वनीवर अजान ऐकूं येईल अशी व्यवस्था केली आहे. पात्र पुन्हां बदललें. मूळ होतें तेथेंच आहे. मात्र एक गोष्ट विसरतां कामा नये. आवाजाचा नियम जर मशिदीला एक आणि मिरवणुकीच्या भिंतीला दुसरा असा लावला गेला, तर तो नियम न राहतां निमित्त होतो. आणि मग साधा बदलहि लोकांना अपमान वाटूं लागतो.

याच प्रकारचा, पण अधिक आनंदाचा प्रसंग पंचांगानें आणिला. हिजरी महिना चंद्रदर्शनानें सुरू होतो, म्हणजे बहुधा शुद्ध द्वितीयेस. त्यामुळें त्या महिन्याची दहावी तारीख आपल्या शुद्ध एकादशीच्या आसपास पडते. हिजरी वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें. आपलेंहि चांद्र वर्ष तितकेंच. पण आपण अधिक महिना घालून तें ऋतूंशीं जुळवून घेतों आणि हिजरी गणना तसें करीत नाहीं. म्हणून दोन अधिक महिन्यांच्या दरम्यान दोन्ही पंचांगें हातांत हात घालून चालतात आणि अधिक महिना आला कीं एक पाऊल सरकतात. साऱ्या महिन्यांचा फेरा पुरा होऊन तीच जोडी पुन्हां जुळण्यास सुमारें बत्तीस-तेहतीस वर्षें लागतात.

या हिशेबानें २०२२ सालीं १० जुलैला आणि २०२३ सालीं २९ जूनला आषाढी एकादशी व बकरी ईद एकाच दिवशीं आली. २०२३ सालीं श्रावण अधिक आला, आणि मग २०२४ सालीं १७ जुलैला व २०२५ सालीं ६ जुलैला आषाढी एकादशीच्याच दिवशीं मोहरमची दहावी तारीख पडली. चार वर्षें लागोपाठ महाराष्ट्राची कसोटी होती. ईदच्या वर्षीं अनेक गांवांतील मुसलमानांनीं आपण होऊन ठरविलें कीं, एकादशीस नमाज पढावयाची, पण कुर्बानी त्या दिवशीं करावयाची नाहीं. हें त्यांना धर्म सोडून करावें लागलें असें नाहीं. कुर्बानी दहाव्या तारखेपासून तीन दिवस करतां येते, अशी सवड शास्त्रांतच आहे. शेजाऱ्याच्या उपवासाचा मान राखावयाचा म्हणून त्यांनीं ती सवड वापरली, इतकेंच. २०२३ च्या २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद एकत्र आल्या, तेव्हां मुंबईच्या मुसलमानांनीं आपला जुलूस दुसऱ्या दिवशीं काढिला, तोहि याच वृत्तीनें. करबलेचा दिवस मात्र पुढें ढकलतां येत नाहीं. मोहरमची दहावी ती दहावीच. तेथें तडजोड दिवसाची नसून रस्त्याची असते, वेळेची असते, आणि एकमेकांना वाट देण्याची असते. ज्या नगरांतून निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरीस जाते, त्या शहराला वाट देण्याची संवय नवी नाहीं.

कुर्बानीचाच आणखी एक पर्याय महाराष्ट्रांतून पुढें आला आहे. हमीद दलवाई यांनीं १९७० सालीं पुण्यास मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलें. तें मंडळ अलीकडे बकरी ईदच्या निमित्तानें रक्तदानाचा उपक्रम करतें. मोहरमांतहि कांहीं ठिकाणीं शिया तरुण आपलें रक्त जमिनीवर सांडण्याऐवजीं रुग्णासाठीं देऊं लागले आहेत. हा बदल सर्वांना मान्य आहे असें नाहीं. पुष्कळ श्रद्धाळू मंडळी म्हणतात कीं, एका विधीची जागा दुसऱ्या सत्कर्मानें भरून निघत नाहीं. सत्कर्म वेगळें करावें, विधि वेगळा ठेवावा. या आक्षेपाला वजन आहे. तरीहि त्यागाचा अर्थ काय, हा प्रश्न ईदच्या दिवशीं विचारला जातो, हेंच मला मोलाचें वाटतें.

शेवटचा बदल स्त्रियांच्या जागेचा. मुंबईच्या हाजी अली दर्ग्याच्या गाभ्यांत पूर्वीं स्त्रिया जात असत. सुमारें २०१२ पासून त्यांना मज्जाव झाला. म्हणजे येथें बंदी हाच नवा रिवाज होता! मुसलमान स्त्रियांच्याच एका संघटनेनें न्यायालयांत दाद मागितली. २०१६ च्या ऑगस्टांत निकाल त्यांच्या बाजूनें लागला आणि नोव्हेंबरांत त्या पुन्हां आंत गेल्या. त्याच वर्षीं एप्रिलांत आपल्या जिल्ह्यांतील शनि शिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला झाला होता. एका वर्षांत दोन धर्मांच्या दारांवर एकच प्रश्न उभा राहिला, आणि दोन्हीं दारें उघडलीं. पुण्याच्या एका दांपत्यानें मशिदींतील नमाजाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयांत नेला, तेव्हां मुस्लिम व्यक्तिगत कायदा मंडळानें २०२० सालीं लेखी सांगितलें कीं, स्त्रीस मशिदींत येऊन नमाज पढण्यास धर्माची मनाई नाहीं. मनाई नव्हतीच, तर मग इतकीं वर्षें तिला आडवें आलें तें काय? रिवाज! येथें मूळाकडे परत गेल्यानें दार उघडतें, आणि पात्राला चिकटून राहिल्यानें तें बंद राहतें.

श्रोते हो, इतक्या उदाहरणांवरून मला जें दिसतें तें असें. जो बदल समाजानें आपल्याच शास्त्रांत शोधून, आपल्याच माणसांशीं वाद घालून आणि शेजाऱ्याचा विचार करून केला, तो टिकला आणि त्याचा कोणास सल राहिला नाहीं. जो बदल भीतीनें किंवा हटवादानें आला, त्यानें दोन्ही बाजूंचें नुकसान केलें. आणि ही काळजी केवळ मुसलमानांनीं वाहावयाची आहे असें नव्हे. पाथर्डी तालुक्यांतील मढी येथें कानिफनाथांची यात्रा भरते. त्यांनाच शहा रमजान म्हणून मानणारेहि पिढ्यान् पिढ्या तेथें येत आले. त्या यात्रेंत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकानें लावूं देऊं नयेत, असा ठराव २०२५ च्या फेब्रुवारींत ग्रामसभेंत झाला आणि मोठा वाद माजला. अशा ठरावानें देवाचें काय वाढतें हें देवालाच ठाऊक. पण यात्रेंतील एक पाल उठते, आणि त्या पालाखालीं होणारी वर्षाची एक भेट नाहींशी होते. कोठल्याच्या गर्दींतून नवस फेडणारी ती बाई उद्यां नाहींशी झाली, तर मोहरमचेंहि तसेंच होईल. शोकाचा विधि मागें राहील, शहर मात्र त्यांतून निघून गेलेलें असेल.

रिवाज बदलोत. ताबूत लहान होवोत, ढोल थांबोत, कर्णे उतरोत, स्त्रिया पुढच्या रांगेंत येवोत. ज्यांचा धर्म त्यांनीं तें ठरवावें. परंतु जो जो बदल होईल, त्यानंतर करबलेच्या तहानेची आठवण म्हणून ठेविलेल्या घागरींतील पाणी येणाऱ्याला नांव न विचारतां मिळतें कीं नाहीं, एवढें आपण पाहत जावें. नगरच्या रस्त्यांवर तें आजवर मिळत आलें आहे.